गावाचा खोकला

"एका घराचा खोकला म्हंजे अख्ख्या गावाचा खोकला," असं बुधाजी नेहमी म्हणायचा. साजगावच्या कारखान्यात भट्टीपुढं राबून त्याची छाती गेली, तेव्हापासूनचं ते बोलणं. लोधिवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या आळीत कुणी अंथरूण धरलं, की बुधाजी पेजेचा टोप घेऊन दारात हजर.

सून भाग्यश्री कधीकधी वैतागायची. "बाबा, गावाची पेज आपल्याच चुलीवर का?"

"गावाची चूल कुठं हाय गं? दाखव, तितं शिजवतो."

आळीतल्या बुद्धविहाराची किल्ली त्याच्याचकडे असे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, तिथं रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जाई. येणारा प्रत्येकजण मूठभर तांदूळ आणून हंड्यात टाकी आणि आश्विन पौर्णिमेला त्या तांदळाची खीर गावाला वाटली जाई.

यंदा लावणीच्या मजुरीला डोंगरातल्या वाडीवरून कोंडी उतरली. नवरा गेलेली, मागंपुढं कुणी नसलेली. बांधावरच तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, पण उपाशी पोटी त्या टिकेनात, आणि वाडीची चढण तिला झेपेना. बुधाजीनं तिला विहाराच्या पडवीत गोधडी अंथरून दिली. पेजेला त्यानं हंड्यातले तांदूळ काढले, कुणालाही न विचारता. दान एकदा हातातून सुटलं की ते ज्याला भूक लागली त्याचं, अशी त्याची समजूत. गावालाही तसंच वाटत असेल, हे तो धरून चालला.

कोंडीच्या गालांवर जरा रंग येऊ लागला, तेव्हाच भाग्यश्रीची लेक आरोही खोकायला लागली. तपासणीत काही निघालं नाही. पण कोंडीचा रोग पोरीला लागेल ही भाग्यश्रीची भीती काही जाईना. नळावर ती शेजारच्या इंदूबाईजवळ तसं बोलून गेली. झालं. वाचनाला पोरं येईनात, मग बायका येईनात, आणि हंड्याचा तळ दिसू लागला.

विहाराची समिती बसली. अध्यक्ष प्रबुद्ध, बुधाजीचा सख्खा पुतण्या.

"काका, खिरीचे तांदूळ गेले ते जाऊ द्या. पण तुमीच म्हणता ना, एका घराचा खोकला गावाचा खोकला? मग गाव नको वाचवायला?"

बुधाजी त्याच्याकडं वळला. "आरं, दार उघडावं म्हणून म्हणत व्हतो मी. तुमी त्याचीच कडी केली?"

"येवढा कळवळा हाय तर घरी न्या की तिला!" इंदूबाई मागून म्हणाली.

सगळ्यांनी भाग्यश्रीकडं पाहिलं. बुधाजीनंही पाहिलं. तिच्या तोंडून एक 'हो' निघाला असता तर पुरे होतं. मांडीवर आरोही होती. भाग्यश्री मान खाली घालून पोरीच्या फ्रॉकचं बटण लावत राहिली. ते आधीच लागलेलं होतं.

बुधाजीनं कमरेची किल्ली सोडली आणि बुद्धमूर्तीसमोर ठेवली.

सकाळी त्यानं घरातले थोडे तांदूळ फडक्यात बांधले, टोप घेतला, गोळ्यांची पिशवी गळ्यात अडकवली.

"बाबा, पाऊस हाय. तुमचीच छाती धड नाय. वाडीवर तुमाला कोण बघणार?"

"औषध पुरं हुईस्तोवर तिला कुणीतरी पेज द्याया पायजे गं."

"मग कवा येणार?"

त्यानं आरोहीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिला भिजू देऊ नको," म्हणाला, आणि कोंडीला हाताला धरून निघाला.

चढणीवर कोंडी मटकन बसे, तेव्हा तो थांबे. त्याला ढास लागे, तेव्हा ती थांबे. खाली खोकला ऐकू येत होता, कोणता कुणाचा ते कळत नव्हतं. नळावरच्या बायका कळशा तशाच ठेवून वर बघत होत्या. विहाराच्या बंद दाराशी प्रबुद्ध किल्ली मुठीत धरून उभा होता. आरोहीला कडेवर घेतलेली भाग्यश्री ओट्यावरून हलली नाही. वळणावर ती दोघं झाडीआड गेली, खोकलाही पावसात बुडाला, तरी ती तिकडंच बघत होती.