पान संपल्यावरची शांतता

एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर जिची सगळी नोकरी झाली, तिला निवृत्तीनंतरही इमारतीतले लोक ऑपरेटरबाईच म्हणत, आणि तिला ते आवडे. बोर्ड केव्हाच भंगारात गेला होता. सवयी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. दारावर आलेल्या दूधवाल्याशी बोलतानासुद्धा ती वाक्य संपवून थांबे, पलीकडच्याला बोलायला जागा देई, आणि मगच पुढे जाई. सून म्हणायची, "आई, तुमच्याशी भांडायची सोयच नाही. समोरच्याला बोलायला इतका वेळ देता की त्याचा रागच निवतो."

तिचा थोरला भाऊ दुसऱ्या गावी एकटा राहायचा. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता त्याची हयात गेली, आणि म्हातारपणी साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले. डोळे गेले तरी वाचनाचा नाद काही जाईना. म्हणून बहीण पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची आणि मेमरी कार्ड पाकिटात घालून पाठवायची. दादाकडे साबणाच्या वडीएवढा एक प्लेअर होता, उठावाची बटणं असलेला. त्यात कार्ड घातलं की बहीण हजर.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात तिच्या जुन्या रेकॉर्डरने मान टाकली. तिने फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवलं, पण दादाचा प्लेअर नुसता 'टुक' करून गप्प बसला. फोन आवाज साठवायचा एका प्रकारात, आणि प्लेअरला एमपीथ्रीशिवाय दुसरं काही गळ्याखाली उतरत नव्हतं. मुलगा म्हणाला, "मामाला नवीन प्लेअर घेऊन देऊ." मामाने साफ नकार दिला. या प्लेअरची बटणं त्याच्या बोटांना पाठ होती, नवी शिकायची त्याची तयारी नव्हती.

पुस्तक अडलं होतं ते नेमकं रंगात आल्यावर. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या आठवणी होत्या, आणि जहाज वादळात सापडलं होतं. सुरुवातीला दादा फोनवर विचारायचा, "त्या स्वयंपाक्याचं काय झालं गं?" मग एक दिवस म्हणाला, "राहू दे आता. रेडिओ आहे की."

हे 'राहू दे' बाईच्या ओळखीचं होतं. दादाचं बुद्धिबळ असंच सुटलं होतं, संध्याकाळचं फिरणंही असंच. एकदा 'राहू दे' म्हटलेली गोष्ट त्याने पुन्हा हातात धरलेली तिला आठवत नव्हती. आता पुस्तकंही सुटली, तर त्या खोलीत दिवसभर तो करणार काय, या विचाराने तिला चैन पडेना.

तिने कंप्युटर उघडला. आवाजाचा प्रकार बदलून देणारी फुकट सॉफ्टवेअर शोधायला बसली ती काळजीपोटी, पण थोड्या वेळाने काळजी बाजूला राहिली आणि बाईंना भलताच रस वाटू लागला. पहिल्या पानावर हिरवीगार बटणं रांगेने होती, सगळ्यांवर 'डाउनलोड'. त्यातलं खरं कुठलं हे ओळखणं म्हणजे गर्दीतून खिसेकापू ओळखण्याइतकंच सोपं. दुसऱ्या ठिकाणी बदलायची फाइल इंटरनेटवरून त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडेच पाठवायची होती. आपला आवाज कोण कुठल्या परक्या माणसाकडे का धाडायचा, म्हणून तिने ते बंद केलं. तिसऱ्याने पहिलं पान छान बदलून दिलं आणि पुढच्याला पैसे मागितले. "म्हणजे फुकट फक्त दार," असं म्हणत तिने तेही काढून टाकलं.

निवड करायची तिची पद्धत बोर्डावरचीच होती. नवी लाइन आली की ती पूर्वी एकच वाक्य बोलून पाही: "थांबा, जोडून देते." तेच तिने फोनवर रेकॉर्ड केलं, प्रत्येक सॉफ्टवेअरमधून काढलं आणि डोळे मिटून ऐकलं. एकात ती विहिरीतून बोलत होती, एकात सर्दी झाल्यासारखी. फाइल लहान करायची तर आवाजातलं काही ना काही टाकावं लागतं हे तिला नव्यानेच कळलं, आणि नेमकं काय टाकलंय ते कानाने हुडकायचा तिला छंदच लागला. सून दोनदा जेवायला बोलावून गेली.

शेवटी एक सापडलं. दिसायला राखाडी आणि रुक्ष. काही हौशी मंडळींनी बिनपगारी बनवलेलं. पण 'थांबा, जोडून देते' त्यातून जसंच्या तसं बाहेर आलं. खाली एक चौकोन होता: 'शांतता काढून टाका'. बाईंना ही कल्पना फारच पटली. रिकाम्या जागेचं ओझं कार्डावर कशाला? तिने खूण केली, फाइल आणखी लहान झाली, आणि वादळाची सगळी प्रकरणं पाकिटातून रवाना झाली.

दादाचा फोन आला. "मिळालं. ऐकलं. आवाज स्पष्ट आहे."

"मग?"

"मग काय? चांगलं आहे. यापुढे नाही पाठवलंस तरी चालेल."

 आयुष्यभर लाइनी ऐकलेल्या कानाला इथे काहीतरी अडकलंय हे कळत होतं. ती थांबून राहिली.

"तुला कंटाळा येतो का गं आता?" दादाने शेवटी विचारलं.

"कशावरून?"

"पूर्वी पान संपलं की थांबायचीस. आता एक संपतं न संपतं तोच दुसरं. मला बोलायलाच देत नाहीस."

"बोलायला? कुणाशी?"

"तुझ्याशी," दादा जरा ओशाळून म्हणाला. "तो स्वयंपाकी थापा मारतो, मी तुला सांगतो. मग तू पुढे वाचतेस. इतकी वर्षं असंच चाललंय आपलं."

 पान संपल्यावर ती थांबायची ते पान उलटायला आणि घोटभर पाणी प्यायला. त्या जागेत दादा राहत होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. आपणच त्याला तिथून बाहेर काढलं याचं वाईट वाटलं, आणि तो तिथे होता याचा आनंद त्याहून मोठा होता.

तिने चौकोनाची सगळी हकीकत सांगितली. दादा खूप दिवसांनी मोकळेपणाने हसला. "मुद्रितातून कोऱ्या जागा खाल्ल्यास तू. पुन्हा काढ."

"काढते. पण तू काय बोलतोस ते मला ऐकायचंय. तुझ्या प्लेअरला रेकॉर्डिंगचं बटण आहे, ते दाब."

चौकोन रिकामा ठेवून तिने सगळी प्रकरणं नव्याने पाठवली. काही दिवसांनी दादाचं कार्ड आलं. त्यावरची फाइल तिच्या कंप्युटरला उघडेना. प्लेअर वाजवायचा एका प्रकारात आणि साठवायचा तिसऱ्याच. बाई मनापासून हसली, राखाडी सॉफ्टवेअर उघडलं आणि या वेळी उलट्या दिशेने कामाला लागली. चौकोनात खूण नाही ना, हे चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग ती ऐकायला बसली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दादाचं खाकरणं.

"एवढ्या वादळात याचं एकही भांडं सांडलं नाही म्हणे. शुद्ध थाप आहे. तुला काय वाटतं?"

पुढे काहीच नाही. फाइल अडकली असं वाटून तिने पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते. लांबून दादाच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की ही जागा आपल्यासाठी आहे.

"थापच आहे," ती रिकाम्या खोलीत म्हणाली.

पंखा थोडा वेळ तसाच घरघरत राहिला.

"तेच तर म्हणतोय मी," दादा म्हणाला.