असलमभाई कूलरवाल्यांची साक्ष

रावेरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत असलमभाईंचं कूलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, समोर कडुनिंब आणि खाली कूलरच्या गवताच्या गाद्यांचा ढीग. चाळीस वर्षं हा माणूस रावेरकरांना गार ठेवतो आहे आणि स्वतः मात्र घामाने निथळतो आहे. कडुनिंबाच्या सावलीत त्यांनी पत्र्याची एक पांढरी, झडपांची पेटी टांगली आहे. तिच्यात थर्मामीटर असतं. दुपारी तीनला पेटी उघडायची, पारा बघायचा आणि फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, हा त्यांचा रिवाज. आकडा मोठा लिहिला की कूलर जास्त खपतात, अशी लोक त्यांची चेष्टा करायचे. पण एका मे महिन्यात ऐन हंगामात आभाळ आलं आणि असलमभाईंनी सरळ अडतीस लिहिलं. दोन गिऱ्हाइकं फळा वाचून परत गेली, तेव्हापासून चेष्टा बंद झाली.

दुकानासमोरच्या बाकावर रोज एकच वाद रंगायचा, सरकार जास्त वाईट की मोठ्या कंपन्या. कचेरीतून निवृत्त झालेले रतिलाल आबा सरकारवर तुटून पडत. "सरकार तुमची जमीन घेईल, तुम्हाला आत टाकेल. कंपनीच्या बापाला तरी ते जमेल का?" आबांनी तीस वर्षं सरकारचाच पगार खाल्ला होता, त्यामुळे त्यांचं बोलणं अनुभवाचं होतं म्हणायला हरकत नाही. समोर केळीवाले गिरधर नाना. तीन हजार खोडांची बाग, आवाज त्याहून मोठा. "सरकार निदान पाच वर्षांनी दारात तं येते! कंपनीचं तोंड कोणी पाह्यलं हाये? फोन लावला की बाई म्हणते दोन दाबा, तीन दाबा. मी बटनं दाबत बसू की केळीले पाणी देऊ?" असलमभाई मोटरचं वायंडिंग करता करता ऐकत. कोणाची बाजू घेत नसत.

मग तो एप्रिल आला. गरम वारं असं सुटलं की केळीची पानं करपली, घड देठातून निसटून खाली पडले. विम्याच्या त्या वर्षीच्या अटीत होतं की सलग पाच दिवस पारा बेचाळीसच्या वर गेला तर त्या महसूल मंडळातल्या सगळ्यांना भरपाई. असलमभाईंच्या फळ्यावर नऊ दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीस होतं. पण आकडा चालायचा तो नानांच्या गावातल्या मशीनचा. ते हवामानाचं मशीन विमा कंपनीने बसवलेलं, त्याची तपासणी सरकारी खात्याकडे. मशीन म्हणत होतं एक्केचाळीस पूर्णांक काहीतरी, रोज. गावातल्या चाळीस घरांची भरपाई गेल्यात जमा होती.

"मशीनमध्ये कंपनीनं काही तरी केलं," नाना म्हणाले. "सरकारनं पैसे खाऊन डोळे मिटले," आबा म्हणाले. मशीन खोटं बोलतंय यावर मात्र पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. जळगावला सुनावणी लागली आणि असलमभाईंनी फळ्याची साक्ष द्यायची, असं ठरलं.

"देतो," असलमभाई म्हणाले, "पण आधी मशीन पाहीन."

नाना मोठ्या हौसेने त्यांना घेऊन गेले. गावाबाहेर तारेच्या कुंपणात पांढरा खांब उभा होता, निदान असावा. कारण दिसत होतं ते फक्त पुरुषभर उंचीचं गजराज गवत, चारही बाजूंनी, हिरवंगार, मुळाशी ठिबकची नळी. वर हिरवी जाळीही ताणलेली.

"हे कोणी केलं?" असलमभाईंनी विचारलं.

"मीच," नाना अभिमानाने म्हणाले. "एवढं महागाचं मशीन, आपल्यासाठी बसवेल हाये. गरम वारं लागून खराब नको व्हायला. बागेले करतो तसंच केलं."

गरम वाऱ्याला अडवायला बागेभोवती गजराज लावणं हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात मुरलेलं काम. नानांनी मशीनलाही केळीसारखं जपलं होतं. असलमभाईंनी पिशवीतून आपली पत्र्याची पेटी आणि थर्मामीटर काढलं. आधी उघड्यावर पत्र्याच्या पेटीत अर्धा तास, मग गवताच्या आत अर्धा तास. अडीच अंशांचा फरक. ते खाली बसले आणि त्यांना हसूही येईना.

"नाना, गवत, पाणी आणि वारा. मी दुकानात दुसरं काय विकतो? तुम्ही मशीनला कूलर लावला."

नानांचा चेहरा केळीच्या करपल्या पानासारखा झाला. ते म्हणाले, "कोणाले सांगू नका. गवत मी उद्या कापतो. तुम्ही फक्त फळा दाखवा."

सुनावणीला गावकऱ्यांची एक जीप निघाली. नशिराबादला चहाला थांबले, तेव्हा असलमभाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आपण तिथे गवताचं सगळं खरं सांगणार, म्हणूनच नानांना ते कापू दिलं नाही. एकच गलका उडाला. कंपनी चोर, सरकार चोर आणि हा आपल्याच गळ्याला फास लावतो आहे! नाना म्हणाले, "तुमचं एक खोड तं हाये का बागेत? तुम्हाले काय जाते?" जीप सुरू झाली आणि असलमभाईंना टपरीवर सोडून निघून गेली.

तिथून घरी परतायला एसटी होती. कोणी नावं ठेवली नसती. उलट चाळीस घरांचं गिऱ्हाईक राखलं असतं. असलमभाईंनी चहाचे पैसे दिले, सगळ्यांचे, आणि जळगावच्या रिक्षात बसले. त्यांना भीती वाटतच होती. खोटं कशाला सांगू?

सुनावणीच्या खोलीत शेतकऱ्यांनी फळ्याचे फोटो ठेवले होते आणि साहेब विचारत होते, "फळा लिहिणारा माणूस कुठे आहे?" तेवढ्यात दारातून असलमभाई आत आले. त्यांनी नऊ दिवसांचे आकडे सांगितले, गवत सांगितलं, अडीच अंश सांगितले.

कंपनीचा माणूस खुर्चीतून उठलाच. "साहेब, ही छेडछाड झाली! दावा संपला."

"गवत कोणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

"ज्यानं लावलं तो सांगेल," असलमभाई म्हणाले. "मी एवढंच विचारतो, कंपनीचा माणूस दर महिन्याला मशीनचा फोटो काढतो. सरकारी तपासनीस त्यावर सही करतो. ते फोटो मागवा. मोठ्यांनी बघितलं आणि बोलले नाहीत. आम्ही तर बघितलंही नाही, नुसत्या शिव्या घातल्या. नुकसान असंच होतं, साहेब."

मग गिरधर नाना उठले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आज साहेबांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"गवत मी लावेल हाये. गावातल्या दुसऱ्या कोणाचा हात नाही. माझंच नाव लिहा."

फोटो आले. चौदा महिन्यांचे चौदा. पहिल्यात गवत पावलाएवढं, सहाव्यात कमरेएवढं, शेवटच्यात मशीन दिसतच नव्हतं. प्रत्येकाखाली 'सर्व ठीक', कंपनीची सही आणि खात्याची सही. साहेबांनी ते फोटो टेबलावर ओळीने लावले आणि कंपनीच्या माणसाला बसायला सांगितलं.

आठवड्याने पंचांसमोर पुन्हा मोजणी झाली. अडीच अंशच निघाले. ते मशीनच्या आकड्यांत मिळवले, तेव्हा गावाला भरपाई मंजूर झाली. एकोणचाळीस घरांना. चाळिसावी फाइल नानांची, ती छेडछाडीच्या चौकशीसाठी अडवून ठेवली. सह्या करणाऱ्या दोघांचं काय झालं? एकाची बदली झाली, दुसऱ्याला बढती मिळाली, असं ऐकतो. नोटीस मात्र आली ती उठून खरं सांगणाऱ्या नानांनाच. मला तर याचा अजून संताप येतो. नाना कुरकुरत नाहीत.

त्याला आता एक वर्ष झालं. महिन्याला एक तारीख पडते, आणि तारखेच्या दिवशी असलमभाई दुकान बंद ठेवतात, एप्रिल-मेच्या ऐन धंद्यातसुद्धा. रहिमाबी, त्यांच्या पत्नी, दोघांपुरती भाकरी-चटणी बांधून देतात. गिऱ्हाइकं दार वाजवून जातात.

मागच्या तारखेला नवा कारकून आला होता. नानांच्या शेजारी दर वेळी हजर असलेल्या या म्हाताऱ्याकडे बघून त्याने विचारलं, "तुम्ही यांचे वकील?"

"नाही."

"नातेवाईक?"

"नाही साहेब. मी यांच्या विरुद्धचा साक्षीदार," असलमभाई म्हणाले. "माझ्याच बोलण्यावर यांची फाइल अडकली आहे. ती सुटेपर्यंत यांना एकटं कसं येऊ देऊ?"