सूनबाईची सुनावणी

आमच्या सूनबाईला देवानं जीभ दिली ती मोजूनमापून, कान मात्र हात सैल सोडून दिले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला. चादर बदलायला म्हणून जायची आणि त्या घरातली तीन पिढ्यांची भांडणं ऐकून यायची. संस्थेच्या प्रमुखबाई निवृत्तीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझी खुर्ची तुलाच. पण लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घे, म्हणजे विश्वस्तांची तोंडं बंद होतील."

चाळिशी ओलांडलेली बाई पुन्हा कॉलेजात निघाली. एक डोळा दुधावर, दुसरा अंदाजपत्रकाच्या धड्यावर. दूध पुष्कळदा उतू गेलं, पेपर मात्र एकही गेला नाही.

गाडं अडलं ते प्रात्यक्षिकात. जनसुनावणी चालवून दाखवायची. वर्गातले लोक तक्रारदार होतात, परीक्षकही त्यांच्यात बसतात, आणि तासाभरात सगळ्यांचं ऐकून निर्णय द्यायचा. हिनं पहिल्याच तक्रारदाराला बोलू दिलं ते तास संपेपर्यंत. बाकीचे हात वर करून बसलेले. नापास! आता एकच संधी उरली. ती हुकली की खुर्चीवर बाहेरचा माणूस येणार.

"आबांवर सराव कर," आमचे चिरंजीव म्हणाले. "यांना थांबवलंस तर तू देश चालवशील."

"आणि तू कुणावर गेलास रे?" मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलाशी सुनावणी भरली. मी नळाच्या तक्रारीवरून निघालो तो थेट आमच्या गावच्या शाळेत पोचलो. सूनबाई हनुवटीला हात लावून म्हणते, "मग?"

"अगं, मग काय मग! थांबव मला!"

"तुम्हाला मध्येच कसं तोडू, आबा? जीभच रेटत नाही."

आठवडाभर हेच. मग एकदा मी शाळा सुटल्याचा किस्सा काढला. चौथीनंतर वडिलांनी माझ्या दप्तराची पिशवी रिकामी करून तिच्यात बियाणं भरलं, आणि मी सवयीनं ती खांद्याला लावून शाळेतच जाऊन बसलो. यावर सगळे हमखास हसतात. सूनबाई हसली नाही. माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आबा, तुम्हाला पुढं शिकायचं होतं."

मी थांबलो. पुढचं सगळं तोंडपाठ होतं, पण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चिरंजीवांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तोडायला नको," ती स्वतःशीच म्हणाली. "आपणच आधी तिथं पोचलं की झालं."

परीक्षेला तक्रारदार कमी पडले, म्हणून घरच्यांनाही मागच्या बाकावर बसवलं. परीक्षकांनी सोंग घेतलं म्हाताऱ्या तक्रारदाराचं, आणि फुटक्या पाइपची तक्रार आपल्या आजोबांच्या विहिरीपासून सुरू करून अर्जांच्या गठ्ठ्यापर्यंत आणली. सूनबाई उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"पाइप फुटल्याचा एवढा राग नाही तुम्हाला. इतके अर्ज केले आणि कुणी बघायलासुद्धा आलं नाही, हे लागलंय."

परीक्षकांचं तोंड उघडंच राहिलं. "हो," एवढंच म्हणाले. मग भराभर एकेकाचं बोलणं झालं, आणि तास संपायच्या आत निर्णयही सांगून झाला. तरी परीक्षक उठेनात.

"मग उद्या नक्की येईल ना कुणीतरी?"

"मी स्वतः येते. घर कुठं तुमचं?"

सगळा वर्ग फिस्सकन हसला. पाइप होता कुठं फुटायला! परीक्षकही हसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि 'उत्तीर्ण' असं लिहून तिथल्या तिथं सही ठोकली. सूनबाई आपली अजून पत्ता लिहून घ्यायला पेन धरून उभी.