मुलीच्या व्हिसासाठी पुसलेल्या पोस्ट

मंडळी, आज सकाळी माझी मुलगी सायली लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. तिला एमएससाठी अमेरिकेत प्रवेश मिळालाय, पुढच्या आठवड्यात व्हिसाची मुलाखत आहे. तिथलं सरकार आता विद्यार्थ्यांची सोशल मीडिया खाती तपासतं, म्हणून ती जुन्या पोस्ट पुसत होती. आमच्या शहरात गंगापूर रोडवर तिने मित्रमैत्रिणींसोबत युद्धाविरोधात मेणबत्त्या लावल्या होत्या, तो फोटोही गेला.

"त्यात वाईट काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा. पण व्हिसा देणाऱ्या साहेबाला काय वाटेल, कोण सांगणार?" मग चाचरत म्हणाली, "अमेरिकेच्या सरकारवर टीका केलेल्या तुमच्याही तीन पोस्ट काढाल का? मला टॅग केलंय त्यात."

मी इथल्या शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती आवर्जून सांगायचो. सरकारवर टीका केली म्हणून तिथे कुणाचं तोंड बंद करता येत नाही, असं म्हणताना माझा आवाज चढायचा. सायलीही त्याच वर्गात बसायची.

तिन्ही पोस्ट काढल्या. "थँक्यू" म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

कुणी आम्हाला धमकावलं नव्हतं, साधं पत्रही आलं नव्हतं. आम्ही आपणहूनच गप्प झालो, याचाच राग येतोय.

तुम्ही माझ्या जागी असता, तर काय राखलं असतं? स्वतःचं म्हणणं, की मुलीचा प्रवेश?