मारुतीच्या शेजारचं पान

मंडळींनो, आपल्या गावच्या फळ्यावर हे लिहिताना दुपारची पंगत अजून स्वप्नासारखी वाटतेय.

खोपोलीहून जत्रेला आलेली माझी भाची आजारपणापासून नीट जेवतच नव्हती. पंगत मांडायचं काम माझ्याकडे, म्हणून जत्रेतल्या मुखवटे घातलेल्या सोंगांना पाहुण्यांसोबत बसवायचं ठरवलं. रावण लांब, मारुती भाचीशेजारी. पानं पुन्हापुन्हा तपासली. पण मुखवटा उतरेपर्यंत सोंगाला खाता येत नाही, हेच विसरलो.

"मारुती जेवत नाय, मग मीपण नाय!"

भाचीनं पान पुढं सारलं.

तेवढ्यात मारुतीच्या मुखवट्याआडून, ते सोंग घेतलेल्या गणूकाकांचा आवाज आला, "माझं बी तूच खा गं. माझं पोट भरंल."

मांडवाच्या केशरी उजेडात ती दोघांचा भात जेवली.

"भरलं का रं पोट?" तिनं मारुतीला विचारलं.

मारुतीनं पोटावरून हात फिरवला.

उद्याच्या पंगतीत तुमच्या मुलांना कोणाशेजारी बसवू?