ओट्याखालचा सतरा नंबर

माझा हात किल्लीला सरावलेला आहे, पेनाला नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण बाईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि सतरा नंबरची हकीकत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही.

मी नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. लांब दांड्याची किल्ली घेऊन फिरायचं, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायचे, एका आळीचं पाणी बंद करून दुसरीला सोडायचं, एवढंच काम. बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी चौथीत त्यांच्याच हाताखाली होतो. निवृत्त झाल्यावर त्या आमदार म्हणून निवडून आल्या, तरी गावात त्यांना कुणी आमदार म्हटलं नाही. बाईच म्हणायचे. त्यांचे यजमान घरापुढच्या ओट्यावर मशीन मांडून कपडे शिवायचे, आणि त्यांना मात्र सगळे मास्तर म्हणायचे. "जन्मभर शिकवलं मी, आणि मास्तर हे!" असं बाई हसून म्हणायच्या.

गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे. त्याचं पाणी जाड पाइपातून आमच्या दारावरून मोठ्या शहराला जातं. आम्हाला ते चार दिवसांआड मिळायचं, आणि वरच्या आळीला तेही करंगळीएवढ्या धारेनं. तिथल्या बाया बादल्या घेऊन खालच्या नळावर उतरायच्या. नव्या पाइपलाइनच्या निधीसाठी नगरपालिकेनं दोनदा प्रस्ताव पाठवला आणि तो दोनदा परत आला. शेरा एकच होता, पाइपलाइनचा नकाशा जोडलेला नाही. नकाशा होताच कुठे? जुना कसरीनं खाल्ला होता. नवा काढायला इंजिनियर हवा, आणि इंजिनियरचं पदच आम्हाला मंजूर नव्हतं.

एक दिवस बाई ऑफिसात आल्या आणि विचारलं, "कुठला पाइप कुठून जातो, हे इथं कुणाला माहीत आहे?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी दाराआड उभा होतो.

"मग तूच काढ नकाशा," बाई म्हणाल्या.

"बाई, मला कुठे चित्र काढता येतं?"

"चित्र कुणी मागितलंय? पावलं मोजता येतात ना? मीच शिकवलंय मोजायला."

वीस दिवस मी गल्लीबोळातून पावलं मोजत हिंडलो. लोक विचारायचे, काही हरवलंय का? जुन्या कॅलेंडरची चार पानं पाठकोरी चिकटवली आणि त्यांवर सगळे पाइप काढले. व्हॉल्व्हना एकपासून त्रेचाळीसपर्यंत नंबर दिले. फक्त सतरा नंबर दाखवला नाही.

त्याचं कारण लिहायला आजही जड जातं. नकाशाच्या अकरा वर्षं आधी मास्तरांनी तो ओटा बांधून घेतला, त्या दिवशी मी तिथून चाललो होतो. गवंडी व्हॉल्व्हच्या झाकणावरच काँक्रीट ओतत होता. 'मास्तर, खाली व्हॉल्व्ह आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तर खुशीत होते. म्हणाले, "ये, चहा घे." मी चहा घेतला आणि निघालो. व्हॉल्व्ह तेव्हा अर्धाच उघडा होता, तो अर्धाच राहिला, आणि त्याच्या पुढेच वरची आळी. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगा." त्या उद्याला अकरा वर्षं लागली.

नकाशा घेऊन मी बाईंकडे गेलो. ओट्यावरच बसलो. त्या लाल पेन्सिल घेऊन एकेका नंबरावर खूण करत गेल्या, वही तपासावी तशा. आणि थांबल्या.

"सोळानंतर एकदम अठरा? सतरा कुठे गेला?"

 मी वाकून फरशीवर बोट ठेवलं. मास्तरांचं मशीन थांबलं.

"माझ्या मशीनखाली?" मास्तर म्हणाले. "अरे, मग बोलायचं नाही का लेका? मी तुला चहा पाजला होता!"

"म्हणूनच बोलता आलं नाही, मास्तर."

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, नोकरी गेली. मग त्यांनी विचारलं, "वरच्या आळीला पाणी कमी जातं, ते यानंच?"

"काही यानं. पाइपही बारीक आहे."

"काही म्हणजे किती?"

"ते उघडल्याशिवाय नाही कळायचं, बाई."

"मग उघड." आणि मास्तरांना म्हणाल्या, "मशीन आत घ्या."

"अगं, ओटा माझा आहे!"

"पाइप गावाचा आहे. उचला."

दुसऱ्या दिवशी ओटा फोडला. व्हॉल्व्ह पुरता उघडला, तेव्हा वरच्या आळीत जरा बरी धार आली, पण निम्म्याच घरांना. बाई स्वतः दारोदार फिरून पाहून आल्या आणि ओट्याचं सगळं सांगूनही आल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला विधानसभेच्या गॅलरीचा पास काढून दिला. मी सगळ्यांत मागे बसलो. माझा नकाशा बाईंच्या हातात होता. ओट्याची बातमी तिथवर पोचली होती. बाई बोलायला उठल्या, तोच मंत्री म्हणाले, "तुमच्या गावात व्हॉल्व्हवर घरं बांधतात. आधी ते शोधा, मग निधी मागा." सगळे हसले.

"अध्यक्ष महोदय, मंत्री बरोबर बोलतात," बाई म्हणाल्या. "एक व्हॉल्व्ह माझ्याच ओट्याखाली होता. मागच्या आठवड्यात फोडून काढला. तरीही निम्मी आळी कोरडीच आहे. आमची चूक आम्ही दुरुस्त केली. आता उरलाय तो बारीक पाइप, आणि तो बदलायची आमच्या नगरपालिकेची ऐपत नाही. तळं आमचं आहे. शहराला पाणी देताना आम्ही कधी हात आखडता घेतला नाही. आता आमच्या वाट्याचं मागतोय. नकाशा मागता आणि तो काढणारा माणूस मंजूर करत नाही. हा आमच्या व्हॉल्व्हमननं पावलं मोजून काढलाय." आणि त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरी घ्यायच्या तसं. मी गॅलरीत उभा राहिलो. शिपायानं खाली बसवलं.

परतताना गाडीत मी धीर करून म्हणालो, "बाई, चूक माझी होती. तुम्ही अंगावर घेतलीत."

"तुझी होतीच," त्या म्हणाल्या. "पण अकरा वर्षं त्या ओट्यावर बसून वरच्या आळीची गाऱ्हाणी मीच ऐकत होते. खाली बघायचं मला तरी कुठे सुचलं?"

त्या वर्षी निधी मंजूर झाला. नवा पाइप पडला आणि वरच्या आळीच्या शेवटच्या घरात पाणी चढलं. तिथल्या एका म्हातारीनं नळ बराच वेळ बंदच केला नाही. मीही तिला काही म्हटलं नाही.

ओटा पुन्हा बांधला, मधोमध लोखंडी झाकण ठेवून. मी निवृत्त होईपर्यंत ते उघडायला जात राहिलो. मास्तर मशीन सरकवून जागा करून द्यायचे आणि म्हणायचे, "चहा मिळेल, पण आधी बोल, आणखी काही पुरलेलं आहे का?"

मास्तर आता नाहीत. बाई नव्वदीच्या आहेत, नजर मंद झाली आहे. हे लिहिलेलं मी त्यांना त्याच ओट्यावर बसून वाचून दाखवणार आहे. या वेळी एकही नंबर गाळलेला नाही.