सुकलालचा हात

काम पुरं झालं की नाही हे बघायचं असलं की सुकलाल डोळे मिटून घ्यायचा. गाडीच्या घासलेल्या हेडलाइटसमोर तो उकिडवा बसलेला, काचेवरून पाणी निथळतंय, आणि हा मिटल्या डोळ्यांनी मधलं बोट वरून खाली हळूहळू फिरवतोय. एखादा ड्रायव्हर हसून विचारायचा, "काका, झोप लागली का?" डोळे न उघडताच उत्तर यायचं, "डोया खोटं बोलस, बोट नही."

काच म्हणायची आपली रीत; असतं ते प्लास्टिकच. सुरतेच्या उन्हात चार-पाच वर्षांत ते पिवळं, धुरकट होतं. पर्वत पाटियाला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानापुढच्या पत्र्याखाली सुकलाल बसायचा. आम्ही दोघेही खानदेशातले. तो आधी बमरोलीत लूमवर होता. लूम बंद पडले तेव्हा एका गॅरेजात हेडलाइट घासून लख्ख करायचं हे काम शिकला. अहिराणी त्याने सोडली नाही. गुजराती गिऱ्हाइकाशीही तो तीच बोलायचा आणि गंमत म्हणजे त्यांना ती समजायची.

त्याची घासण्याची पद्धत ठरलेली होती. जाड पॉलिश पेपर आडवा फिरवायचा, त्याहून बारीक उभा, त्याहून बारीक पुन्हा आडवा. म्हणजे आधीचा एकही ओरखडा लपून राहत नाही. पहिल्या पेपरानंतर हेडलाइट आणखीच पांढरा फटक दिसतो आणि नवं माणूस घाबरतं. एकदा एका शाळेच्या बाई आल्या होत्या. गाडीकडे बघून त्या किंचाळल्याच, "अरे काका, आ तो आंधळी करी नाखी!"

"ताई, पहिले दूध व्हई, मंग पानी," सुकलाल म्हणाला आणि त्याने त्यांना माझ्या दुकानात बसवून चहा पाजला. तासाभराने खरोखर पाणी झालं. बाईंनी पुढे त्यांच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे पाठवल्या.

मला तो आप्पा म्हणायचा आणि सोडायचाही नाही. "आप्पा, बसी बसी तुमनी खुर्चीले पालिश व्हई गयं!" असं भर गिऱ्हाइकांत ओरडायचा. त्याच्याकडे थांबलेले ड्रायव्हर माझ्याकडून बल्ब, वायपर, हॉर्न नेत. माझं अर्धं दुकान त्याच्या बोटांवर चालत होतं हे मला कळत होतं. म्हणूनच पुढचं घडलं.

घासून झाल्यावर हेडलाइटवर एक पारदर्शक थर द्यावा लागतो. त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. उन्हापासून राखतो तो हाच. तो माल सुकलाल माझ्याकडूनच घ्यायचा. एके वर्षी माझा पुरवठादार बंद झाला. समोरच्या दुकानात माल होता. पण सुकलाल तिथे गेला तर बसायलाही तिकडेच जाईल, अशी मला धास्ती वाटली. मी फर्निचरला मारायचं लॅकर आणलं आणि क्लिअरच्या जुन्या डब्यात ओतलं. चार दिवस भागवू, असं मनाशी म्हटलं.

सुकलालने डबा उघडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "वास येगळा शे, आप्पा. उनमा टिकी ना?"

"टिकेल," मी म्हणालो. "कंपनीने बदललाय."

त्याने विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात हसमुखभाईंच्या सात स्कूलव्हॅन त्याने केल्या. हेडलाइट आरशासारखे दिसत होते. तीन महिन्यांत सगळे पिवळे पडले, थराचे पापुद्रे निघाले, आणि नेमक्या आरटीओच्या पासिंगच्या वेळी गाड्या परत पाठवल्या गेल्या. हसमुखभाई ड्रायव्हर घेऊन आले. "आ शुं कर्युं, काका? बधा पीळा पडी गया!" रस्त्यावरचे लोक थांबून ऐकू लागले.

सुकलाल माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "मी फक्त माल विकतो. हाताचं काम त्याचं."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने एका व्हॅनवरून बोट फिरवलं, मग त्या बोटाकडे पाहिलं. "मना हात गया, आप्पा," एवढंच म्हणाला. सातही गाड्या त्याने घासून दिल्या, थर मात्र दुसऱ्याकडून देववला, आणि पेपर-फडकी माझ्याकडे ठेवून निघून गेला. कापड मार्केटात गाठोडी वाहू लागला.

चार वर्षं मी गप्प राहिलो. दुकानही आवरलं. मग एक दिवस भाजीबाजारात त्याची बायको रुखमा भेटली. सहज बोलता बोलता म्हणाली, "आते ते घरमा भितले खियाबी ठोकतस नही. म्हणतस, मना हात बिघडी गया."

आपण त्याचा धंदा बुडवला एवढंच मी धरून चाललो होतो. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास घेतला, हे त्या दिवशी कळलं. तिथूनच मी बमरोलीला त्याच्या खोलीवर गेलो आणि सगळं सांगितलं.

"फर्निचरनं?" त्याने विचारलं.

"हो."

"डबा तुम्हीच भरेल व्हता?"

"मीच."

त्याने हाताची बोटं दोन-तीनदा उघडमीट केली. मग आत ओरडला, "रुखमा! मना हात बरोबर व्हता!" त्याचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आपण सुटलो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. "तुम्ही रोज मनासंगे चहा पेत व्हतात, आप्पा." आवाज चढला नव्हता. "माले सांगं ते बरं करं. आते हसमुखभाईले सांगा. मनासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हॅनच्या स्टँडवर गेलो. सगळ्या ड्रायव्हरांदेखत मी गुजरातीत सांगितलं. हसमुखभाईंनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एक शब्दही जास्त नव्हता. शेवटी सुकलालच मध्ये पडला, "बस करा शेठ, यास्ना वयकडे देखा." मग हसमुखभाईंनी त्याला हात धरून एका धुरकट हेडलाइटच्या व्हॅनपुढे नेलं. "आ करी आपो, काका."

त्याचं सामान मी बरोबर आणलं होतं. क्लिअर तेवढं नव्हतं. "मी घेऊन येतो," असं म्हणून मी निघालो, तर त्याने मला थांबवलं.

"नही आप्पा. ते मी लयसू."

तो रस्ता ओलांडून स्टँडसमोरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. काउंटरवरच झाकण उघडून त्याने वास घेतला, दुकानदाराकडून डब्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून घेतली, आणि मगच तो परत निघाला. तोवर मी नळावरून बादली भरून व्हॅनपाशी आणून ठेवली. तेवढं त्याने मला करू दिलं.